भिंतीपलीकडचा बेस

कोयनानगरात चौऱ्याण्णव सालचा एक भूकंप माझ्या नावावर आहे. लोक हे थट्टेनं म्हणत नाहीत. त्या दिवशी एका बाईचं खुब्याचं हाड मोडलं, आणि त्याच बाईनं मला पाच वर्षं जेवायला घातलं होतं.

मी तेव्हा वीज बोर्डात हेल्पर होतो. धरणाच्या पायथ्याशी पॉवरहाऊसात पाळी करायची, कॉलनीतल्या दोन खोल्यांत येऊन रेकॉर्डी लावायच्या. लग्न केलं नव्हतं. दोनशेच्या वर रेकॉर्डी होत्या, सगळ्या बारा इंची, सगळ्या परदेशी, नाचाच्या आणि नुसत्या तालावर बोलायच्या. माझा चुलतभाऊ मुंबईत गोदीत हमाल होता. बोटीवरचे खलाशी जे विकायचे त्यातल्या रेकॉर्डी तो माझ्यासाठी उचलायचा.

पहिली आली तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. कव्हरवर काळी पोरं पुठ्ठा अंथरून डोक्यावर फिरत होती. लावली तर मधेच कर्र-कर्र. सुई बदलली, तरी कर्र. साबणानं धुतली, तरी कर्र. खराब माल म्हणून परत पाठवली. भावानं शिव्या घालत दुसरी आणून दिली, तर तिच्यातही त्याच जागी तेच कर्र-कर्र. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कुणीतरी रेकॉर्डवर हात ठेवून ती मागं-पुढं घासत होता, मुद्दाम, तालात. जी वस्तू जपून हाताळायची म्हणून आमच्या हातात कुणी देत नव्हतं, ती हा गडी ओरबाडत होता. त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

इंग्रजी मला दुकानाच्या पाटीपुरतं येत होतं. पण तो गात नव्हता, समोरच्याच्या तोंडावर बोलत होता, एवढं कळत होतं. आमच्या आळीत असं बोलणारा माझ्या आज्यानंतर कुणी उरला नव्हता.

नव्वद साली एक रेकॉर्ड गावी, रहिमतपूरला, जयंतीत नेली. थोरला भाऊ प्रशांत कमिटीचा अध्यक्ष. तीन मिनिटं वाजली आणि त्यानं स्वतः येऊन सुई उचलली.

"बाबासाहेबांची जयंती हाय. डिस्को न्हाई."

"ही बी आपल्यागतच माणसं हायत, दादा."

"मग त्यांच्या गावात वाजीव."

पोरं हसली. मी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि पहिल्या एस्टीनं परत आलो. वरच्यांनी नाकारलं तर त्यांना शिव्या घालता येतात. आपल्यांनी नाकारल्यावर शिव्या कुठं घालायच्या, ते कुणी शिकवलेलं नाही.

तर स्पीकर. माझ्याकडे रेडिओतला काढलेला तळहाताएवढा स्पीकर होता. त्यात बोलणं ऐकू यायचं, टाळ्या ऐकू यायच्या, पण खालचा आवाज, ज्याला मंडपवाले बेस म्हणतात, तो येतच नव्हता. पाटणच्या एका मंडपवाल्यानं जुना पंधरा इंची स्पीकर मोडीत काढला, तो मी पेटीसकट आणला. दहा वर्षं मी अर्ध्याच रेकॉर्डी ऐकल्या होत्या. मला त्या पुऱ्या ऐकायच्या होत्या. आयुष्याकडं दुसरं काही मागत नव्हतो.

मार्चमधला रविवार, दुपारचे तीन. पेटी मोठी, खोली लहान, म्हणून ती रंगुमावशीच्या आणि माझ्या मधल्या भिंतीला टेकवून ठेवली. रंगुमावशी म्हणजे माझ्याबरोबर पाळी करणाऱ्या हरिबाची आई. माण तालुक्यातली, धनगराची. नवरा धरणाच्या कामावर आला तशी ती आली. मी राहायला गेलो त्या दिवशी तिनं जात विचारली, मी सांगितली, तिनं ऐकून घेतली आणि कुंपणावरनं भाकरी दिली. नंतर रोज दिली.

मी आवाज पुरा वाढवला. बेस कानात आला नाही, बरगड्यांत आला. मी डोळे मिटून फरशीवर बसलो. सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत मला कुणाचीच गरज वाटली नाही, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

आता कॉलनीची रीत सांगतो. सदुसष्टच्या भूकंपानंतर इथल्या प्रत्येक घरात कपाटावर तीन पेले पालथे, एकावर एक, आणि वर चमचा ठेवतात. ते पडलं की पळायचं. चप्पल शोधायची नाही, गॅस बघायचा नाही. त्याच हिवाळ्यात जमीन दोनदा चांगली हलली होती, आदल्या सप्टेंबरात किल्लारी झाली होती. माणसं झोपेतही पेल्याकडं कान देऊन होती.

बाजू संपली तेव्हा बाहेरचा गलका कानावर आला. दार उघडलं. आमची सगळी लाईन मैदानात. कुणी अर्धी दाढी केलेला, कुणी ताटावरनं उठलेला, हात खरकटा. मलाही वाटलं, धक्का बसला आणि मला कळलाच नाही.

"किती मोठा हुता?" मी विचारलं.

"भांडी पडली की गड्या सगळी. तू काय झोपला हुतास?" अर्धी दाढी केलेला म्हणाला.

तेवढ्यात हरिबा पलीकडच्या लायनीकडं बघायला लागला. तिथल्या बायका निवांत धुणं वाळत घालत होत्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला भिंतीला टेकवलेली पेटी आठवली. पायरीजवळच्या गटारात रंगुमावशी पडली होती, आणि तिला उचलायला चौघं वाकले होते.

"भूकंप न्हवता," मी मोठ्यानं म्हणालो. "माझा स्पीकर हुता."

गप्प बसलो असतो तर कदाचित खपून गेलं असतं. गप्प बसायचं मला जमत नाही.

चार दिवसांनी बैठक बसली. युनियनचे भाऊसो खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर.

"तुमच्या लोकांस्नी ढोलाबिगर करमत न्हाई," भाऊसो म्हणाले. "पर हितं दुसऱ्यांनी बी ऱ्हायचं हाय."

"आवं भाऊसो, गणपतीत तुमच्या मंडळाचे कर्णे धा दिवस माझ्या खिडकीत असत्यात. तवा कुणाची लोकं असत्यात ती?"

"त्यानं कुणाचं हाड मोडलं का?"

त्यांचं बोलणं घाण होतं आणि प्रश्न बरोबर होता. पेटी काढ नाहीतर क्वार्टर सोड, असं ठरलं. मी म्हणालो, कुणाच्या बापाला भीत नाही, पेटी हलणार नाही. आणि खरंच हलवली नाही. फक्त लावलीही नाही. हरिबा पाळीत माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पाना दे. लाईट धर.

मावशी दीड महिन्यानं कराडच्या दवाखान्यातनं घरी आली. मी गेलो. हरिबानं दार उघडलं आणि तो बाहेर निघून गेला.

"बस," ती म्हणाली. "जेवलास का?"

"न्हाई."

"मग मी काय करू आता? हितनं उठता येत न्हाई मला."

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलंच." ती म्हणाली. "पेला पडला का न्हाई, तवा मी आधी बाजूला हात घातला. थोरलीला उचलाय. सत्तावीस वर्सं झाली ती भिंतीखाली ग्येल्याला. माहीत हाय मला. तरी हात ग्येला. अंथरूण चाचपत बसले. मग पळाले, आन पडले."

मला तिची थोरली मुलगी होती हे पाच वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. भाकरी घ्यायची आणि आत जाऊन सुई ठेवायची, एवढंच मी करत होतो.

"पेटी फोडून टाकतो," मी म्हणालो.

"फोडू नगं. तुला तेवढंच तर हाय. पर हितं नगं, लेकरा."

भाऊसोंच्या ठरावाला मी भीक घातली नव्हती. तिच्या ह्या दोन शब्दांपुढं काय करणार? दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. जत तालुक्यात माळावर एक सबस्टेशन होतं, तिथं बायका-पोरं घेऊन जायला कुणी तयार नसायचं. शिक्षा म्हणून माणसं पाठवायचे.

हरिबा अर्ज वाचून म्हणाला, "मागून घ्येतुयास व्हय रं ह्ये?"

"व्हय."

"येडा हायस." मग अर्ज परत देत, "आई विचारत हुती, तिथं भाकरी कोन घालतंय म्हनून."

"करीन की मी."

"तू करशील," तो म्हणाला, आणि पाना घेऊन खाली उतरला.

जूनमध्ये जतला गेलो. आभाळ कोरडं, बाभळी, लांब एका वस्तीचं पत्र्याचं टोक. दिवसपाळीचा लाईनमन सायकलवर यायचा, कन्नडात बोलायचा, अंधार पडायच्या आत जायचा. पहिल्या रविवारी त्याची सुट्टी होती. मी पेटी खोलीच्या मधोमध ठेवली, दार-खिडक्या उघडल्या आणि आवाज पुरा वाढवला.

बेस आला. आख्खा आला. कुणाची भिंत नाही, कुणाचा पेला नाही. मी बाहेर अंगणात आलो, मग तारेच्या कुंपणाबाहेर, मग माळावर, किती लांब ऐकू येतं ते बघायला. दोन शेतं ओलांडली तरी येत होतं. दहा वर्षं जे मागत होतो ते सगळं मिळालं होतं आणि "ऐक की जरा" म्हणायला एक माणूस नव्हता. एक टिटवी तेवढी उठून लांब जाऊन बसली.

बारा इंची रेकॉर्डची एक बाजू फार वेळ वाजत नाही. मी बाभळीजवळ होतो तेव्हा ती संपली. नुसती सुई घासल्याचा आवाज एवढ्या लांब येत नाही. मी ऊन डोक्यावर घेऊन, बाजू उलटायला, चालत परत निघालो.