झुंबरबाईचे गुडघे

साधनाला सासू बारीक करायची होती. मायेनं नव्हे, सूड म्हणून.

आता सासूला बारीक करून सुनेनं कसला सूड उगवायचा, असं कुणीही विचारेल. तर ऐका. साधना डिंगोऱ्यात नांदायला आली तेव्हा घरात शर्यतीचे बैल होते, आजही आहेत. त्यांच्या खुराकाला दूध, अंडी, खजूर, भिजवलेले हरभरे. नवरा रामनाथ शर्यतीची बारी जिंकली की गुलालात न्हाऊन यायचा. साधनाला पोरगी झाली, संस्कृती. तेव्हा नर्सबाईनं बजावलं होतं, बाळंतिणीला अंडी द्या, डाळ द्या, थोडं थोडं पण सारखं द्या. सासूनं, झुंबरबाईनं, कपाटाला कुलूप घातलं. "बैल उपाशी ठिवून बाईला अंडी चारू व्हय? आमी न्हाय का पोरं वाढवली?" साधनाचं दूध आटलं. पोरगी पाणी घातलेल्या दुधावर वाढली. रामनाथनं सगळं बघितलं आणि बैल धुवायला निघून गेला.

साधना ते विसरली नाही. का विसरावं तिनं?

संस्कृती आता ओतूरला कॉलेजात होती. तिथल्या मुलींच्या मेसवाल्या अश्विनीताई साधनाला स्वयंपाकाला बोलावत होत्या, राहायला खोलीसुद्धा देत होत्या. तिला या घरातून कायमचं निघायचं होतं. अडकलं होतं ते झुंबरबाईच्या गुडघ्यांत. म्हातारीचं अंग असं सुटलं होतं की खाटेवरून उठवायला दोन माणसं लागायची. तिला तशी टाकून गेली असती तर गावानं साधनाच्या तोंडात शेण घातलं असतं, पोरीच्या लग्नातही तेच उकरून काढलं असतं. म्हणून म्हातारी आधी चालायला पाहिजे. ती चालली की साधना सुटली.

ओतूरचे डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, गुडघे ऐकतील. ताट भरून दोनदा जेवण्यापेक्षा थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी. भाकरी कमी, अंडी-कडधान्यं जास्त."

साधनानं पदर खोचला. सकाळी अंड्याचं पांढरं, मग मोडाची मटकी, मग ताक, दुपारी मुगाचं घट्ट वरण नि अर्धी भाकरी, उन्हं कलली की फुटाणे. गूळ बंद, तळण बंद. म्हातारीनं तोंड वाकडं केलं तरी साधना वाटी रिकामी होईपर्यंत समोर उभी. "गिळ," असं मनात म्हणायची, आणि तोंडानं, "घ्या आत्याबाई." शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी! साधनाला आतून गुदगुल्या व्हायच्या.

चोळ्या ढिल्या झाल्या. म्हातारी मोरीपर्यंत एकटी जायला लागली. आणि नेमकी तेव्हाच तिच्या कानावर मेसची गोष्ट गेली.

म्हातारी काय कच्च्या गुरूची चेली! त्या दिवसापासून पुन्हा कण्हणं सुरू. चोळ्या पुन्हा तंग. साधनानं अंथरूण झटकलं तर उशाखालून खजुराच्या बिया घरंगळल्या. बैलांच्या खुराकात हात घालत होती बया! म्हणजे गोठ्यापर्यंत चालत जात होती, आणि माणसांपुढं मात्र "आई गं, मेले गं!" साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं बिया होत्या तशा परत उशाखाली सारल्या. यात्रा तोंडावर आली होती.

यात्रेला अंगण पाहुण्यांनी भरलं. डिंभ्याहून झुंबरबाईची धाकटी बहीण लंकाबाई आली. दोघींचं लहानपणापासून पटायचं नाही, हिचं वरचढ की तिचं, एवढाच धंदा. खाटेकडं बघून लंकाबाई म्हणाली, "काय गं आक्का, आता हितनं उचलूनच न्यायची व्हय तुला?"

साधनानं डोळ्याला पदर लावला. "म्या लई केलं वो मावशी. पर आत्याबाईंच्यानं न्हाय जमत. तुमच्यासारखं काटक अंग समद्यांचं कुठं असतंय?"

झालं! झुंबरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मला न्हाय जमत? मला?"

म्हातारी ताडकन उठली. काठी नाही, भिंतीचा आधार नाही. तरातरा फाटकापर्यंत गेली, तशीच परत आली आणि लंकाबाईसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. नुकताच शर्यतीच्या घाटातून आलेला रामनाथ ओरडला, "आमची आय चालली राव!"

"समद्यांनी बघितलं न्हवं?" साधनानं विचारलं. समद्यांनी बघितलं होतं. ती आत गेली आणि भरून ठेवलेली पिशवी घेऊन बाहेर आली. "मी ओतूरला चालले, पोरीकडं. कामाला. आता तुमच्या आईला उचलायला कुणी लागत न्हाय."

आपण काय करून बसलो ते झुंबरबाईला आता कळलं. तिला मटकन खाली बसावंसं वाटलं, पण लंकाबाई बघत होती, बसायची सोय नव्हती.

"साधने," तिचा आवाज एवढासा झाला, "अगं, माझ्या वाटीचा टायम झालाय. भूक लागलीया मला."

साधना फाटकात थांबली.

"मलाबी लागायची, आत्याबाई," ती म्हणाली, आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली.