बीम बंद झाल्यावर

मला कुणी विचारलं की तू नक्की करतेस काय, तर माझं डोकं फिरतं, कारण विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. आमच्या मायाक्कानं, म्हणजे माझ्या आईनं, एकदा सांगोल्याहून फोनवर विचारलं आणि मी येडी खरंखुरं सांगत बसले. म्हटलं, आई, अणूच्या पोटात केंद्रक असतं. त्याला बाहेरून धडक दिली की ते खवळतं आणि किरण सोडून लगेच शांत होतं. पण जड केंद्रकातलं एखादं होत नाही. त्याची आतली ठेवणच अशी असते की खाली उतरायची वाट सापडत नाही. लग्नघरातले सगळे पाहुणे गेले तरी एखादी मावशी ओसरीवर बसूनच राहते, तसं ते अडकून बसतं. त्याला आयसोमर म्हणतात. ते किती वेळ बसलं हे मोजलं की आतली रचना कळते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन् तू कवा उतरनार हायस तितनं?"

मी फोन ठेवून दिला.

सोलापुरात मी एकटी राहते, सात रस्त्याजवळ. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेला वेळ भौतिकशास्त्र विभागातल्या कोपऱ्यात संगणकापुढे बसते. पूर्वी तिथं आम्ही तिघं होतो. आमचे मार्गदर्शक शिवयोगी सर, सिद्धांत आणि मी. दिल्लीच्या त्वरकावर, म्हणजे कण वेगानं पळवणाऱ्या यंत्रावर, प्रयोगही तिघांनी मिळून केला. पुढं सर निवृत्त होऊन मुलाकडं बेंगळुरूला गेले. सिद्धांतची फेलोशिप संपली, तो चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात लागला. बुद्धप्रियाशी लग्न झालं, मुलगी झाली. त्या कोपऱ्यात मी राहिले. मला दुसरं काही येतच नाही, त्याला काय करू?

सिद्धांत गेल्याचं दुःख मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यानं काही केलंच नव्हतं. डब्यातली कडक भाकरी मोडून अर्धी मला द्यायचा, मला राजू म्हणायचा, माझ्या तुसडेपणावर हसायचा, एवढंच. बाकीचं सगळं माझ्याच मनातलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग होतो म्हणा.

आयसोमर शोधायची पद्धत अशी की बीम, म्हणजे वेगवान कणांचा झोत, सोडायचा, केंद्रकांवर आदळू द्यायचा आणि मग बंद करायचा. बीम चालू असताना इतका कल्लोळ असतो की कुणाचं काही ऐकू येत नाही. बंद झाल्यावर जे उशिरा बोलतं ते आपलं. दिल्लीहून आणलेल्या त्या बंद वेळांच्या नोंदी मी वर्षभर चाळत होते, आणि त्यात मला एक रेष, म्हणजे एका ठरावीक ऊर्जेच्या किरणांची खूण, सापडली. पापणी लवायच्या आत विझणारी, पण केंद्रकाच्या मानानं ते आख्खं आयुष्य झालं. असली रेष आमच्या केंद्रकात आधी कुणी पाहिलेली नव्हती. आनंदानं मी खुर्चीतून उठले, आणि सांगायला खोलीत कुणीच नव्हतं. पुन्हा बसले.

सरांना फोन केला. ते म्हणाले, आधी रीत पाळ. आमच्यात रीत आहे, दुसऱ्या कुणी तरी त्याच नोंदी कोऱ्या नजरेनं तपासायच्या. रेष कुठं आहे हे त्याला सांगायचं नाही. त्याला आपसूक तीच रेष दिसली तर ती खरी.

दुसरं कोण होतं? मी सिद्धांतला डिस्क नेऊन दिली. सुट्टीच्या दिवशी बघतो म्हणाला. रेष खरी निघाली तर शोधनिबंध लिहायचा होता, आकृत्या करायच्या होत्या, आणि त्यासाठी त्याला कितीतरी रविवार विभागात यावं लागलं असतं. पोटातलं सांगते, मला आयसोमर हवाच होता, पण त्याहून ते रविवार हवे होते. तो तपासत होता तेवढे दिवस मी त्याला एकदाही फोन केला नाही. माझ्या आवाजावरून त्याला काही कळलं तर रीत मोडायची, ही धास्ती.

एका रविवारी दुपारी तो आला. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. डबा टेबलावर ठेवला, लॅपटॉप उघडला आणि हसला नाही.

"राजू, ही रेष आपली न्हाय," तो म्हणाला. "डिटेक्टरची हाय."

किरण टिपणारा आमचा डिटेक्टर जर्मेनियमचा असतो. भरकटलेले न्यूट्रॉन त्याला लागले की जर्मेनियमच खवळतं, थोडं थांबतं आणि स्वतःच किरण सोडतं. आम्ही ज्यानं ऐकतो तेच मधे बोलतं. त्याची रेष कुठं येते हे आमच्या धंद्यात पोरासोरांना ठाऊक असतं. मी कडाकडा भांडले. म्हटलं, मला काय शेंबडी समजतोस काय, माझी रेष तिथं नाहीच, चांगली बाजूला आहे. तो म्हणाला, मग दाखव की, आणि माझी फाइल उघडून वर वर जात राहिला.

डिटेक्टर नुसते आकडे देतो. कोणता आकडा म्हणजे किती ऊर्जा, हे ओळखीच्या किरणांवरून बसवावं लागतं, दुकानदार वजनं ठेवून काटा तपासतो तसं. ते कॅलिब्रेशन. माप हळूहळू सरकतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा नव्यानं करायचं असतं. सिद्धांतचा हात एका ओळीवर थांबला.

"हे तर माझं कॅलिब्रेशन हाय. पैल्या दिवशीचं."

सिद्धांतला प्रयोग अर्धवट सोडून दिल्लीहून परतावं लागलं होतं. त्यानंतर मी एकटीनं सगळं नव्यानं बसवलं होतं, ते तिथंच खाली पडून होतं. इथं आल्यावर मी त्याचंच लावलं. ओळखीच्या रेषाही जराशा सरकलेल्या दिसायच्या, पण मी म्हणायची, एवढं तेवढं चालायचंच. त्यानं बसवलेलं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं, ते मला पुसवेना.

"शेवटी तू नवं घेतलं होतंस की," तो म्हणाला. "त्यानं रेष जर्मेनियमच्याच जागी बसती. ते का न्हाय लावलंस?"

"विसरले."

मी काही विसरत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मग त्यानं लॅपटॉप मिटला आणि डबा उघडला. म्हणाला, घरी जेवायला थांबलेत, निघतो. जाताना कडक भाकरी माझ्यासमोर ठेवली. न मोडता, अख्खी.