लाडावलेल्या पेशी

फाल्गुनातली कोवळी, केशरमाखली सकाळ साताऱ्याबाहेरच्या माळावर उतरली होती. प्रयोगशाळेच्या खिडकीशी पांगारा उभा होता. पान नाही, कळी नाही. नुसता करडा, काटेरी, निष्पर्ण. आणि खिडकीच्या आत मंजिरी शेडगे, काचेच्या तबकडीवर ओणवलेली, श्वास धरून, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून.

तबकडीतल्या गुलाबी, उबदार, निस्तरंग तळ्यात तिच्या मूलपेशी होत्या. गोल, गुबगुबीत आणि अगदी बिनकामाच्या. त्यांनी चेतापेशी व्हायचं होतं, तंतू फेकायचे होते, एकमेकींना हात द्यायचा होता. त्या मात्र एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी होत सुखाने लोळत होत्या. गोठवून ठेवलेल्या कुप्यांतली ही शेवटची. ही फुकट गेली की मंजिरीचं काम बंद, आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

म्हणून तर ती त्यांना जिवापाड जपत होती. वाढीचं प्रथिन थेंबभर घालायचं, तिथे ही दोन थेंब घालायची. आणि तेही रोज, न चुकता.

तिच्या मार्गदर्शक नसीम तांबोळी दुपारी डोकावल्या. त्यांनी तबकडी पाहिली आणि त्यांना हसूच आलं.

"अगं, किती लाडावून ठेवलंयस यांना. आयतं मिळतंय तोवर कशाला मोठ्या होतील त्या? अन्न राहू दे, वाढीचं प्रथिन तेवढं बंद कर."

"मरतील, मॅडम."

"काही मरतील. बाकीच्या शिकतील."

प्रत्येक पेशीच्या गाभ्यात सगळी जनुकं असतात, जशा गाण्याच्या प्रत्येक पेटीत सगळ्या पट्ट्या. कुठली दाबली, कुठली सोडली, त्यावर सूर ठरतो. त्या प्रथिनाने 'वाढा, वाढा' ही एकच पट्टी दाबून धरली होती. बोट उचलल्याशिवाय दुसरी वाजणार कशी? मंजिरीला हे सगळं तोंडपाठ होतं. पण तोंडपाठ असणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं.

तिने प्रथिन थांबवलं. दुसऱ्याच दिवशी काही पेशी निष्प्राण तरंगू लागल्या. तिने बाटली उचलली. झाकण काढलं. एक थेंब, फक्त एकच थेंब. मग ओठ दाताखाली धरून तिने थेंब न टाकताच झाकण लावलं आणि बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली. त्या दिवशी तिला घास गिळवला नाही.

चेतापेशीचं जनुक जागं झालं की पेशी हिरवी उजळेल, अशी खूण तिने आधीच आत पेरून ठेवली होती. दिवस सरले. रोज पडदे ओढायचे, रोज पाहायचं, रोज काळोख. काळोख, काळोख, नितळ निबिड काळोख.

आणि एका सकाळी त्या काळोखात एक पाचूकण.

मग दुसरा. मग दहा. हरितवर्णी, क्षीणकाय, थरथरत्या त्या पेशींना तंतू फुटले होते. एक तंतू चाचपडत, वळत, अडखळत शेजारणीपर्यंत गेला आणि तिला टेकला. मंजिरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच पाण्यातून ती खुदकन हसली.

तिने बोलावल्यावर मॅडमनीही वाकून पाहिलं. "लागल्या गं पोरी मार्गाला," त्या म्हणाल्या.

मंजिरीने पडदा सारला. बाहेर पांगारा पेटला होता. उघड्याबोडक्या डहाळीडहाळीवर तुरे, तुऱ्यातुऱ्यावर साळुंक्या. पान नव्हतं, पालवी नव्हती. होती ती फुलंच फुलं, लाल, लाललाल, पार आभाळापर्यंत.