ओळखीच्या माणसाचा सर्व्हर

आमच्या पोहण्याच्या मंडळाचे फोटो गायब व्हायला लागले, तेव्हा पहिला संशय गेला तो बोडिलवर.

बोडिल मंडळाची अध्यक्ष. हिवाळ्यात इथल्या डॅनिश फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या खाडीच्या, पाण्यात उतरणारे आम्ही साठ-सत्तर जण, आणि जुन्या लोकांपैकी कुणी कपडे घालून उतरत नाही. सगळं जग वापरतं त्या मोठ्या सोशल साईटवर आमचा ग्रुप होता. तिथे धक्क्यावरचा फोटो टाकला, त्यात दोन-चार उघड्या पाठी दिसल्या, की दुसऱ्या दिवशी फोटो काढून टाकलेला असायचा. मग एकदा आमच्यातल्या थोरकिल्डच्या वाढदिवसाचा फोटो गेला. त्यात तो टोपीपासून मोज्यांपर्यंत लोकरीत गुंडाळलेला होता. वर ताकीद आली, पुन्हा असं झालं तर ग्रुपच बंद करू.

"हे मशीनचं काम नाही," अस्गर सॉनात, पाण्यातून आल्यावर शेकायच्या त्या गरम खोलीत, बसल्या बसल्या म्हणाला. "आपल्यातलंच कुणीतरी तक्रारी करतंय."

नाव त्याने घेतलं नाही, पण आम्हाला कळलं. बोडिलला मंडळात तरुण जोडपी हवी होती, आणि तरुण जोडपी पोहण्याचे कपडे घालून येतात. त्यानंतर बोडिल सॉनात आली की बोलणं हवापाण्यावर जायचं.

अस्गर आमच्या शाळेत गणित शिकवायचा. गावातल्या निम्म्या लोकांच्या वह्या त्याने तपासल्यात, माझ्यासुद्धा. त्याने घरी, कपडे धुण्याच्या खोलीत, एक छोटा संगणक सर्व्हर म्हणून बसवला आणि त्यावर आमच्यापुरती वेगळी साईट उभी केली. मग मंडळाच्या खोलीत कॉफी ठेवून सगळ्यांना समजावून सांगितलं. जगभर अशा छोट्या छोट्या साईट आहेत, एकमेकींना जोडलेल्या, त्यांचा कुणी एक मालक नाही. जाहिराती नाहीत, ताकीद नाही, आपले नियम आपण ठरवायचे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी नावं नोंदवली. पहिल्या आठवड्यात फोटोंचा पाऊस पडला. पुढे तिथे शुकशुकाट झाला. पाणी किती गार आहे, सील प्राणी कुठे दिसला, बाकावर कुणाची टोपी राहिली, हे सगळं पुन्हा त्या जुन्या ग्रुपवरच यायला लागलं.

अस्गर एकेकाला गाठून विचारायचा. "तिथे तुम्हाला बोलू देत नाहीत, तरी तुम्ही तिथेच. का?"

"माझी बहीण तिथे आहे ना," एक म्हणायचा. "पासवर्ड विसरलो बाबा," दुसरा म्हणायचा. अस्गरला यातलं काही पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. लोक उत्तर देताना त्याच्याकडे बघत नसत.

"बोडिल आतून फिरवतेय सगळ्यांना," तो मला म्हणाला. "डॉर्थे, तू बघच."

मी मात्र त्याची साईट वापरत होते, आणि व्हिबेकेपण. आम्ही दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. तिथे आम्ही एकमेकींना खाजगी निरोप लिहायचो. एकदा तिने लिहिलं की गुडघा आता साथ देत नाही, घर विकून ऑलबोर्ग शहरात मुलीजवळ जायचा विचार आहे. "पण कुणाला बोलू नकोस. बोडिलला कळलं तर ती निरोप समारंभ ठेवेल, आणि माझं तर अजून नक्कीही नाही." मी लिहिलं, माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही.

नंतरच्या रविवारी आम्ही सहा जण सॉनात होतो. अस्गरने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, आणि तो व्हिबेकेला अगदी मायेने म्हणाला, "ऑलबोर्गला असं पाणी मिळायचं नाही हं तुला."

व्हिबेकेने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

कपडे बदलायच्या खोलीत ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

"तुला एकटीला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मी कुणाला बोलले नाही, व्हिबेके."

"मग काय भिंती बोलल्या?"

"खरंच सांगते."

"असू दे," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघून गेली. तिचं 'असू दे' मला माहीत आहे.

दोन दिवस मी स्वतःवरच शंका घेतली. नवऱ्याला बोलले का? फोन उघडा टाकला होता का कुठे? मग धक्क्यावर उभी असताना एकदम लक्षात आलं, निरोप तर सगळे अस्गरच्याच संगणकावर असतात, आणि मी तशीच ओल्या केसांनी अस्गरच्या घरी गेले.

त्याने दार उघडलं. माझा चेहरा बघूनच तो ओशाळला.

"तू आमचे निरोप वाचलेस."

त्याने नाही म्हटलं नाही. खुर्ची पुढे सरकवली, पण मी बसले नाही.

"मी फक्त बोडिलचे बघणार होतो," तो म्हणाला. "तक्रारी कोण करतं, ते शोधायचं होतं. तिचे तर काहीच नव्हते. तिने एक ओळसुद्धा लिहिली नव्हती इथे. मग म्हटलं, दुसरं कुणी असेल."

"म्हणजे सगळ्यांचेच वाचलेस?"

"बरेचसे," तो म्हणाला. "तक्रारीचं कुठेच काही नव्हतं गं. नुसती दुखणी. गुडघे, झोपेच्या गोळ्या."

तो इतका खचलेला दिसत होता की मला धड रागावताही येईना.

पुढच्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. काही जणांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं. मग तो म्हणाला, सर्व्हर मी सोडतो, दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मला नको," मी म्हणाले.

"तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

"म्हणूनच नको. उद्या मी कुणाला 'गुडघा कसा आहे' एवढं विचारलं तरी समोरचा चपापेल."

थोरकिल्डला ही गोष्ट पटेना. "अरे, पण ती मोठी कंपनीसुद्धा सगळं वाचतेच की. वर फोटो काढून टाकते, धमक्या देते."

"वाचू दे," व्हिबेके मागून म्हणाली. "ती मला दुकानात बटाटे घेताना भेटत नाही."

बोडिलने पुढचा विषय घेतला. धक्क्याची शिडी गंजली होती.

अस्गरने त्या आठवड्यातच सर्व्हर बंद केला आणि नवी साईट सुरू करताना सोडलेल्या जुन्या ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून विनंती टाकली. बोडिलने ती बरेच दिवस तशीच ठेवली, मग मंजूर केली. तक्रारी कोण करत होतं, ते आजतागायत कळलेलं नाही. कदाचित कुणीच नाही. फोटो अजून जातात. बोडिलने आता नियम केलाय, फक्त टोप्यांचे फोटो टाकायचे. तरी सॉनात दार बंद झालं की मी एकेकाच्या तोंडाकडे बघते, आणि दुसरेही बघत असतात.

व्हिबेकेला मी पुन्हा सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो, कळलं मला, तुझी चूक नव्हती. आम्ही अजून एकत्र पाण्यात उतरायचो. पण तिने मला लिहिणं बंद केलं. भेटली की बोलायची, आणि तेही चार जणांत बोलण्यासारखं.

मार्चमध्ये घराचा सौदा झाला. ते मला मोठ्या साईटवर कळलं, ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना कळलं तसंच. खाली लोकांनी हृदयं टाकली होती. मीही एक टाकलं.