पाकळीचं टोक

करवतीचं पातं दोऱ्याएवढं बारीक होतं. बोटाच्या एका पेरात त्याचे बारा-पंधरा दात मावत. ताहेराबीनं ते वरच्या आकड्यातून सोडवलं, फळीच्या भोकातून ओवलं, पुन्हा आकड्यात अडकवलं आणि बोटानं छेडून पाहिलं. आवाज मनासारखा आला तसा तिनं पाय पायडलवर ठेवला. करवत बसवलेला शिलाई मशीनचा जुना सांगाडा कुरकुरला, चाक फिरलं आणि सागाचा पिवळसर भुसा तिच्या मनगटावर साचू लागला.

फळी डाक बंगल्याची होती. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर उमरग्याच्या डाक बंगल्यात लाकडी जमीन घातली, ते काम तिच्या भावाचं, वलीभाईचं. उरलेले हात-दीड हाताचे तुकडे त्यालाच नेऊ दिले. चार बोटं रुंद फळ्या. एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला खाचेत बसणारी पट्टी. तीन फळ्या एकमेकींत सरकवल्या की लहानशा देव्हाऱ्याचं दार तयार. मग राहिली फक्त जाळी.

जाळी कोरावी तर वलीभाईनंच, असं बाजारात म्हणत. पातं ओवायला तो भोक पाडायचा, त्यामुळं पाकळीच्या टोकाशी त्याच्या गिरमिटाची गोल खूण राहायची, थेंबासारखी. दोन वर्षांपूर्वी त्याची नजर अधू झाली. तेव्हापासून ताहेराबी कापत होती, पण भोक टोकालाच पाडायची. हात बदललेला कुणाला कळू नये म्हणून.

"सांगू की लोकांना," वलीभाई म्हणायचा. "रमजान होऊ दे." रमजान झाला की म्हणायचा, "दसरा होऊ दे." दोन रमजान गेले, दोन दसरे गेले.

या दारावर मात्र भोकं पाडताना तिनं गिरमिट टोकाला टेकवलं, क्षणभर थांबून उचललं आणि कापून गळणार त्या भागाच्या मधोमध नेलं. पाकळ्या निघाल्या त्या सुईसारख्या टोकांच्या.

तिसऱ्या प्रहरी कमलबाई दार बघायला आली. देव्हारा तिचाच. तिनं तिन्ही फळ्या उजेडात धरल्या.

"ही डाक बंगल्याचीच फळी न्हवं? आगं ताहेराबी, पायाखालचं लाकूड देवाला कसं चालंल?"

"पायाखाली गेलंच न्हाय, बाई. ही कड बघा. जमिनीत बसवलेल्या फळीला हितं खिळ्याचं भोक असतंय. हाय का?"

कमलबाईनं तिन्ही कडांवरून नख फिरवलं. भोक सापडलं नाही.

"उरलेली हाय ती. हिच्यावर साहेबाचा बूट पडला न्हाय. आमचं मांजर तेवढं झोपायलंय रोज."

"मांजराचं चालतंय," कमलबाई हसली. मग तिची बोटं जाळीवर थांबली. "पण ही जाळी येगळीच दिसायली. माझ्या फडताळाच्या पाकळ्यांना टोकाला थेंब हाय. हिला न्हाय. मला तर वलीभाईंच्या हातचं पायजे व्हतं."

ताहेराबीच्या हातातलं फडकं थांबलं. भाईनं तऱ्हा बदलली, एवढं म्हणणं सोपं होतं. एरवी ती म्हणालीही असती. आज तिनं नुसता फडक्यातला भुसा झटकला.

उंबऱ्याशी बसून वलीभाई उरलेल्या फळ्या चाचपून जाडीप्रमाणे लावत होता. त्यानं मान वर केली.

"आणा बरं हिकडं."

कमलबाईनं दार त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं अंगठा पहिल्या पाकळीवरून नेला, दुसरीवरून नेला. प्रत्येक टोकाशी अंगठा थांबत होता. एकदा खालून वर, मग वरून खाली. ताहेराबी त्याच्या अंगठ्याकडेच बघत होती.

"टोचलं," तो म्हणाला. त्याच्या दाढीत हसू आलं. "इतकी वर्षं कोरलं, पर माझं टोक कधी टोचलं न्हाय."

"म्हंजे?" कमलबाईनं विचारलं.

वलीभाईनं दारावर फुंकर मारली, हातानं पुसलं आणि ते कमलबाईकडे नाही, अंदाजानं बहिणीकडे धरलं.

"माझ्या हातचं आता मिळायचं न्हाय, कमलबाई. दोन वर्षं झाली, हीच कापायली. फुडं काय बी कोरून पायजे असलं तर ताहेरालाच सांगत जावा. करवत तिची हाय."