सेल काढलेली बेल

मित्रांनो, माझ्या पोटातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घालण्यात या घरच्या धाकट्या भावाचा फायदा काय होता? दुकानापर्यंतची चक्कर वाचली आणि मॅच सुटली नाही. तोटा? "कसला तोटा!" तो बायकोला म्हणाला. "बेल वाजवतंय कोण आता? सगळे मेसेजच करतात."

मी एक जुनी बेल आहे. माझं बटण दाराबाहेर, पोट घरात. एके काळी मी बोटावरून माणूस ओळखायचे. दूधवाला घाईत, शेजारीण हळूच, आणि थोरला भाऊ असला की एक लांब, दोन आखूड. लगेच आतून आरोळी, "दादा आला!" मग घरोघरी फोन आले. लोक माझ्या नाकासमोर उभे राहून "दारात आहे" असं लिहू लागले, आणि मी धूळ खात पडले.

भांडणसुद्धा फोनवरच झालं. थोरला सुतार. घरात छकुली जन्मली तेव्हा त्यानं हौसेनं लांबलचक मेसेज लिहिला, 'संध्याकाळी दुकान बंद करून तिला सांभाळायला येत जाऊ का?' धाकट्यानं कामाच्या गडबडीत उत्तर दिलं, 'बघू.' समोर असता तर हे तो हसून म्हणाला असता. फोनवर हसू कुठून दिसणार? थोरल्याला वाटलं, आपल्याला झटकलं. येणं-जाणं, बोलणं सगळं बंद.

पुढे एका संध्याकाळी मानापमान गिळून थोरला दारात आला. बगलेत स्वतः घडवलेला पांगुळगाडा. त्यानं फोन काढला, काही लिहिलं, पुसलं, खिशात ठेवला. आणि मला दाबलं. एक लांब, दोन आखूड!

मी काय वाजणार, कपाळ? आत टीव्ही दणदणत होता. त्यानं पुन्हा दाबलं. मग गाडा उचलून जिना उतरू लागला.

खालून धाकट्याची बायको भाजी घेऊन येत होती.

"अय्या, भावजी! असे परत कुठे?"

"दोनदा बेल वाजवली. नसेल उघडायचं त्याला."

"अहो, तिच्यात सेल कुठे आहेत! रिमोटला घातलेत तुमच्या भावानं. चला, दार बडवा चांगलं."

त्यानं बडवलं. दार उघडलं.

"दादा! मेसेज तरी करायचास."

"मेसेजचं नाव काढू नकोस. त्या 'बघू'नं माझी झोप उडवली."

"कुठला बघू?" धाकट्याला आठवेचना. आठवलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "अरे, मी तर उलट खूश झालो होतो. तू येशील म्हणून वाट बघत होतो."

धाकट्याच्या बायकोनं रिमोटमधले सेल काढून मला घातले.

मित्रांनो, मेसेज खुशाल करा. पण मनातलं काही असेल तर दारापर्यंत जा, बेल वाजवा. आणि आपल्या घरच्या बेलचं पोट रिकामं ठेवू नका.

आता हिशेब. भाऊ भांडले, भाऊ एक झाले; त्यांचं फिटलं. पण त्याच संध्याकाळी आतून छकुली तुरुतुरु चालत आली, अनोळखी माणूस पाहून आईच्या मागे लपली. थोरल्यानं पांगुळगाडा हळूच भिंतीकडे सरकवला. चालायला शिकताना धरायचं काकाचं बोट तिला मिळालं नव्हतं, आणि ज्या 'बघू'पायी हे झालं, तो तिला तर अजून वाचताही येत नव्हता.