तासापुरतं आजारपण

एस्तेर उजागरेबाई जो आजार शिकवायला घेत तो त्यांना वर्गातच व्हायचा, आणि एखाद्या मुलीने विचारायला हवं ते विचारलं की निघून जायचा.

पहिल्यांदा झाली ती कावीळ. बाई तेव्हा नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवत होत्या. भिंतीवर स्लाइड दाखवायच्या, मुली ती उतरवून घ्यायच्या आणि परीक्षा झाली की विसरून जायच्या. त्या दिवशी बोलता बोलता बाईंचे डोळे पिवळे झाले, मग नखं. मुली लिहीतच राहिल्या. शेवटी मागच्या बाकावरच्या करिष्मा वाघमोडेने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, अंगाला खाज सुटलीय का?"

सुटली होती. तास सुरू झाल्यापासून बाई मनगट खाजवत होत्या. त्या हो म्हणाल्या आणि पिवळेपणा उतरला. पुढच्या चाचणीत काविळीचं उत्तर एकीचंही चुकलं नाही.

मग बाईंनी स्लाइड दाखवणं बंद केलं. दमा आला नि गेला, हिवताप आला नि गेला. पुस्तकातले प्रश्न ओळीने वाचून दाखवले तर ताप चढतो आणि बाईंकडे बघून विचारलं तर उतरतो, हे मुलींच्या हळूहळू ध्यानात आलं. प्राचार्या कर्णिक मॅडम एकदा मागे बसून सगळं बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, निकाल चांगला लागतोय, बाकीचे धडेही तुम्हीच घ्या.

पक्षाघाताचा तास मात्र लांबला. बाईंचा डावा हात लोंबू लागला. मुलींनी सुचेल ते सगळं विचारलं, घंटा झाली, तरी हात काही हलेना. बाई एका हातात डबा धरून घरी गेल्या. त्यांचे यजमान दानिएल भेंडी चिरत बसले होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. किती दिवस चालेल, एवढंच विचारलं. मुलींवर आहे, असं बाई म्हणाल्या. जेवताना त्यांनी ताटातलं उजवीकडचं तेवढं खाल्लं आणि आज भाजी का वाढली नाही म्हणून विचारलं. दानिएलनी ताट फिरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुली पुन्हा खिडकीकडून, बाईंच्या डाव्या अंगाने, प्रश्न विचारू लागल्या. डावीकडे कुणीच नसल्यासारख्या बाई समोर बघत बसून होत्या. करिष्मा टेबलाला वळसा घालून उजवीकडे आली.

"मॅडम, खिडकीपाशी मुली उभ्या आहेत. दिसतात का तुम्हाला?"

"कुठल्या मुली?" बाई म्हणाल्या, आणि त्यांची डावी बोटं हलली.

अशी ही मुलगी, म्हणूनच वॉर्डातली गोष्ट बाईंच्या मनाला लागली. तिथे एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते. करिष्मा त्यांच्या उशाशी होती. ती त्यांचं ब्लड प्रेशर घ्यायची, दंडावरचा पट्टा सोडायची, पुन्हा आवळायची. आजोबा काहीतरी सांगू बघत होते. ती मान खाली घालून आकडा वाचत राहिली, ते गेले तेव्हासुद्धा. नंतर जिन्यात तिने बाईंना गाठलं.

"मॅडम, दुसरं काय करायचं असतं ते मला माहीतच नव्हतं."

मरणाऱ्या माणसापाशी काय करायचं ते शिकवणारा धडा पुस्तकात अगदी शेवटी होता. पूर्वी बाई तो स्लाइडवर उरकून टाकत. या वर्षी काय करावं हे विचारायला त्या प्राचार्यांकडे गेल्या.

"तुमच्यासाठी वर्गातली खाट मोकळी करायला सांगितलीय," कर्णिक मॅडम म्हणाल्या.

"आणि विचारायला हवं ते कुणालाच सुचलं नाही तर?"

"तुम्हीच शिकवलंय ना त्यांना."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. पण मुलींना परीक्षेनंतर कायमचं वॉर्डातच जायचं होतं.

त्या सकाळी दानिएलनी त्यांच्या साडीला इस्त्री करून दिली. न्यायला येऊ का, असं विचारलं. या, बाई म्हणाल्या. किती वाजता, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

वर्गात सरावाचा रबरी पुतळा खुर्चीवर बसवलेला होता आणि त्याची खाट मोकळी होती. बाई आडव्या झाल्या. आधी पावलं गार पडली. मुली पुढे सरकल्या, तशा त्यांच्या मागून भिंतीही पुढे आल्या. एकीने विचारलं, दुखतंय का. दुसरीने उशी उंच केली, तिसरीने ओल्या कापसाने ओठ टिपले. कुणीही पुस्तक उघडलं नव्हतं, याचं बाईंना बरं वाटलं. प्रत्येकीचं बरोबर होतं. प्रत्येकीमुळे थोडा आराम पडत होता. तरी गारठा गुडघ्यांवर चढला, मग कमरेपर्यंत आला. मुली आणखी जवळ आल्या. आता खाटेपलीकडे कुणाला उभं राहायला जागाच उरली नव्हती.

करिष्माचा हात ब्लड प्रेशरच्या यंत्राकडे गेला आणि वाटेतूनच मागे आला. ती खाटेच्या कडेवर बसली. तिने बाईंचा हात आपल्या हातात घेतला.

"मॅडम, भीती वाटतेय का?"

"हो," बाई म्हणाल्या.

सगळ्याजणी आजार निघून जाण्याची वाट बघू लागल्या. तो गेला नाही. करिष्माने हातही सोडला नाही.

"मलाही," ती म्हणाली.

बाईंनी श्वास घेतला, तेव्हा सगळ्या वर्गाने घेतला. बाईंनी तो सावकाश सोडला, सगळ्यांनी सोडला. बाहेर घंटा झाली, कुणी वळून बघितलं नाही. सगळ्याजणी तोंडं किंचित उघडी ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघत होत्या, आणि बाईही.